आत काही राहिलं?

“झाकणंच,” बाबा म्हणाले.

मान वर केली नाही, आवाज चढवला नाही. कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसे म्हणाले. आणि मी अजून हसतच होते. हसू काही पटकन थांबत नाही, करंट बंद केला तरी मशीनचा ड्रायर चार गिरक्या मारतोच, तसं ते त्या बोळात ओल्या भिंतींवर आपटत फिरत होतं आणि मला बाहेरून ऐकू येत होतं, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. मामाच्या हातात चहाचा कप होता. तोही हसत होता, पण त्याला माझ्याआधी कळलं आणि त्याने हसू कपात बुडवलं. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, “काय झालं गं?” काय सांगणार? बाथरूमबाहेरच्या बोळात मागचं झाकण काढलेली आमची दोन टबांची जुनी वॉशिंग मशीन होती, तिच्यासमोर पाटावर बाबा बसले होते, आणि त्यांनी आतल्या एका चंदेरी डब्याला बोट लावून मामाला सांगितलं होतं, “हा तेलाचा डबा. यातलं तेल संपलं की ड्रायर धरतो.” तो कपॅसिटर होता, मोटरला सुरू व्हायला झटका देणारा. मी दारात उभी होते. मी म्हटलं, “बाबा, तो कपॅसिटर आहे! तेल कसलं डोंबलाचं? एवढी वर्षं कंपनीत मशिनी बनवल्यात की नुसती झाकणं लावलीत?” आणि हसले. ‘झाकणंच’ हे त्याचं उत्तर होतं.

मला टोमणाच मारायचा होता. खरंखोटं मला कुठे माहीत होतं? आपण अंधारात दगड मारतो तो कुणाला तरी लागावा म्हणून थोडाच मारतो, आवाज व्हावा म्हणून मारतो. माझं तोंडच तसं आहे. मामा मला लवंगी म्हणतो ते कौतुकाने म्हणतो, पण शाळेत, मोबाइलच्या दुकानात, त्या शिवणकामाच्या शेडमध्ये, जिथून जिथून मी निघाले किंवा काढली गेले तिथे कुणी कौतुकाने काही म्हटलं नाही. पण बाबांवर कधी असं सुटलं नव्हतं. म्हणजे घरात दोघांत सुटायचं, दार आपटायचं, ताट सरकवायचं, ते वेगळं. मामासमोर नाही. मामाचं चौकात मशिनींचं दुकान आहे, काचेचं. तो सकाळी सहज म्हणून आला होता आणि बोळात साचलेलं पाणी आणि बादलीत पिळायचे राहिलेले कपडे बघून म्हणाला होता, “भाऊजी, टाका आता हिला. नवीन आणून देतो, बटण दाबलं की झालं.” आणि बाबा म्हणाले होते, “हिला बाहेरचा हात लागणार नाही. आमची मशीन आहे ही.” बाबा असं कधी बोलत नाहीत. मामाने कप हातात घेऊन भिंतीला पाठ लावली आणि म्हणाला, “करा मग, बघू तरी.” त्याच्या बोलण्यात काही नव्हतं, खरंच नव्हतं. बाबांनी मागच्या झाकणाचे स्क्रू असे भराभर काढले की मामा ‘वा’ म्हणाला. आणि मग झाकण बाजूला ठेवून बाबा आत बघायला लागले, आणि बघतच राहिले. कुणाच्या तरी घराचं दार चुकून उघडलं आणि आत माणसं जेवत बसलेली दिसली, की आपण कसे बघतो, तसे.

आमची मशीन. हे वाक्य मी जन्मापासून ऐकतेय. कंपनी बंद पडायच्या आधी कधीतरी, कोपऱ्यात पोचा आलेल्या मशिनी कामगारांना दिल्या, त्यातली ही. टेम्पोतून आली तेव्हा अख्खी बिल्डिंग जिन्यात उभी होती म्हणे. आईच्या कडेवर मी होते. आई सांगते, तू त्या टबात बसायचा हट्ट धरला होतास आणि बाबांनी बसवलंही होतं. मग मी चौथीत ‘माझे वडील’ निबंधात लिहिलं की माझे वडील वॉशिंग मशीन बनवतात. सगळी. एकटे. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, एक माणूस अख्खी मशीन बनवत नसतो, तर मी तिची वेणी ओढली आणि बाकाला बांधली. पण आता त्या पाटाकडे बघताना मी आठवत होते, बाबा स्वतः कधी म्हणाले होते का, मी मशीन बनवतो? आठवेना. ते ‘कामावर होतो’ म्हणायचे, ‘लाइनवर होतो’ म्हणायचे, ‘आमची मशीन’ म्हणायचे. बाकीचं आम्हीच लावून घेतलं होतं. आईने शेजारणींना सांगितलं, मी वर्गाला सांगितलं, आणि बाबांनी फक्त एक केलं, नाही म्हणाले नाहीत. म्हणजे एवढी वर्षं तो माणूस आमचं कौतुक एखाद्या मापात न बसणाऱ्या सदऱ्यासारखं घालून फिरत होता आणि मी आज चारचौघांत त्याची बटणं तोडली.

लाइनबद्दल एक गोष्ट मात्र ते नेहमी सांगायचे. मशीन पट्ट्यावरून सरकत यायची, प्रत्येकाने आपापलं काहीतरी बसवलेलं असायचं आणि अगदी शेवटी बाबा असायचे. झाकण हातात घेऊन ते ओरडून विचारायचे, “आत काही राहिलं?” म्हणजे कुणाचा पाना, फडकं, बोट. आधीचे सगळे ओरडायचे, “नाही!” मग बाबा विचारायचे, “बाहेर काही राहिलं?” म्हणजे आत जायला हवा होता असा एखादा नट, वॉशर कुणाच्या टेबलावर. पुन्हा सगळे, “नाही!” मग झाकण. दिवसभर हेच. मला वाटायचं ते साहेब असणार, सगळ्यांना विचारतात म्हणजे. घरातही तेच चालायचं. डब्याचं झाकण लावताना आईला विचारणार, आत काही राहिलं? घराला कुलूप लावताना, गावाला जाताना बॅगेची चेन ओढताना, आत काही राहिलं, बाहेर काही राहिलं? आम्ही दोघी सुरात ‘नाही!’ म्हणायचो. लहानपणी मजा यायची. मग कधीतरी यायची बंद झाली, मला चीड यायला लागली, एकच वाक्य घासून घासून माणूस किती घासणार. मी शाळा सोडली तेव्हा दाखला आणायला बाबा बरोबर आले होते. मी सरांवर डस्टर फेकला होता, मला पुन्हा बसवून घ्यायला शाळा तयार होती, मीच तयार नव्हते. बाबा ऑफिसात एक शब्द बोलले नाहीत, बाहेर रस्त्यावरही नाही. फक्त शाळेच्या फाटकाची कडी शिपाई लावायला लागला तेव्हा थांबले आणि त्या फाटकाकडे बघून मला विचारलं, “आत काही राहिलं?” मी म्हटलं, “काय राहणारेय? माझं होतं काय तिथे?” आणि पुढे निघाले. मला वाटलं, हा माणूस आजच्या दिवशीसुद्धा तेच घासलेलं वाक्य बोलतोय. आज बोळात उभी राहून मला पहिल्यांदा वाटलं की त्या दिवशी त्यांना दुसरं काही विचारायचं असेल, आणि त्यांच्याकडे विचारायला तेवढंच वाक्य असेल.

“तू बघतेस का?” बाबा म्हणाले. पाटावरून उठले आणि पाट माझ्याकडे सरकवला. पायाने नाही, वाकून, हाताने. असा पाट कुणी पाहुण्याला सरकवतं. मला म्हणायचं होतं, नाही, तुम्हीच करा, मी नुसतं सांगते. तोंडातून निघालं, “सरका मग. उजेड अडवू नका.” मामा म्हणाला, “बस बाई लवंगी, दाखव तुझी कारागिरी. नाहीतर मी आहेच.” आई पदराला हात पुसत येऊन बघून गेली. तिला घाई होती, पाळणाघरात तिची दुपारची पाळी असते आणि तिथली चादरी-झबली ती घरी आणून धुते, ते सगळं बादलीत निथळत पडलं होतं. “भांडू नका रे,” एवढं ती म्हणाली, कुणाला ते कळलं नाही.

मला आतलं कळतं. कुणी शिकवलेलं नाही. पंखा, इस्त्री, मिक्सर, जे जे घरात बंद पडलं ते मी उघडलं, अर्धी बंद पडायच्या आधीच उघडली. वस्तूंवर माझा राग निघत नाही, त्या उलट बोलत नाहीत. ड्रायर चालू केला की नुसता घुमायचा, फिरायचा नाही, आणि जळक्या रबराचा वास यायचा. म्हणजे मोटर बरी होती, तिला काहीतरी धरून ठेवत होतं. मी पिन काढली, वाकले, आत हात घातला. ड्रायरखाली मोटरच्या वर एक चाक असतं आणि त्याला एक ब्रेक चिकटतो, सायकलला असतो तसा. ड्रायरचं वरचं झाकण लावलं की एक वायर त्या ब्रेकला ओढून लांब धरते. झाकण उघडलं की वायर सैल पडते, एक स्प्रिंग ब्रेकला खेचून चाकावर दाबते, ड्रायर जागच्या जागी थांबतो. आमची वायर ताणून ताणून लोंबकळली होती, त्यामुळे ब्रेक सुटतच नव्हता. रबर झिजून चाकाला काळं लागलं होतं. एवढंच होतं. मला हसू यायला हवं होतं, सोपं निघालं की येतं. आलं नाही. मागे बाबा उभे होते, आणि माझ्या मानेला ते उभे असलेले कळत होते.

मी पकडीने स्प्रिंग सोडवली. आधी तीच काढावी लागते, नाहीतर ब्रेक हलत नाही. बोटाएवढी, तेलकट. खाली ठेवावी तर फरशी उताराची, पाणी वाहून जायला जाळी, कितीतरी वस्तू त्या जाळीने गिळल्यात. बाबांनी हात पुढे केला. तळवा वर करून, माझ्या खांद्याजवळ. “दे इकडे,” म्हणाले, “मी धरतो.” मी तो तळवा बघितला. आता कंपनी नाही, ते पार्सलच्या गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावतात, मामा गमतीने म्हणतो, भाऊजींचं नशीबच असं, उघडायचं काही नाही, सगळं बंदच करायचं. चिकटपट्टीने त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झालीत, रेषाच नाहीत, मोबाइलला ठसा उमटत नाही. त्या तळव्यावर मला ती स्प्रिंग ठेवायची होती, किती सोपं होतं ते, नुसता हात वळवायचा. पण ठेवली असती तर मी हसले ते मागे घेतल्यासारखं झालं असतं, आणि मामा बघत होता, आणि मला मागे घेता येत नाही काही, कधीच आलं नाही. मी म्हटलं, “राहू दे,” आणि स्प्रिंग ट्रॅकपँटच्या खिशात टाकली. तो तळवा तसाच राहिला थोडा वेळ. मग बाबांनी तो हात भिंतीला लावला, जणू मुळात भिंतीलाच लावायचा होता.

खिशावरून मला कंपनीचं फाटक आठवलं, नको असताना. मी लहान होते, दुसरी-तिसरीत असेन, आई मला घेऊन कंपनीच्या फाटकाशी गेली होती, पाळी सुटायच्या वेळी. सगळे रांगेने बाहेर येत होते आणि फाटकातला रखवालदार प्रत्येकाला थांबवत होता. थांबवत म्हणजे काय, ते आपणच थांबायचे. दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवायचे, उलटे, कुत्र्याच्या कानासारखे लोंबणारे, आणि पुढे जायचे. आतलं काही बाहेर नेत नाही हे दाखवायला. रखवालदार नुकतंच मिसरूड फुटलेला पोरगा होता, बघतही नव्हता धड, तोंडाने शीळ घालत होता. बाबांची पाळी आली. त्यांनी खिसे बाहेर काढले आणि तेवढ्यात आम्ही त्यांना दिसलो. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही, हातात खिसे होते ना. मला वाटलं बाबा विदूषकासारखे करतायत आणि मी खूप हसले. तेव्हाही हसलेच होते की मी. आईने माझं डोकं स्वतःच्या कमरेत दाबून धरलं. घरी येताना बाबांनी मला पेपरमिंट घेऊन दिलं. खिशातून सुट्टे पैसे काढताना त्यांचा खिसा अजून अर्धा बाहेर होता.

“होतंय का गं?” मामा. “की बोलवू माझा माणूस? दोन मिनिटांत येईल.” मी म्हटलं, “तुझ्या माणसाला सांग, नवीन मशीन विक म्हणावं आधी, ती कुणी घेत नाही म्हणून आमच्या दारात आलायस.” मामा म्हणाला, “अरे बापरे, पेटली!” आणि बाबा म्हणाले, “मामाशी असं बोलू नये.” मला, हळू आवाजात. म्हणजे ते मला अजून सांगू शकत होते, काय बोलावं, काय बोलू नये. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा इतका राग आला की मी पॉलिश पेपर घेऊन ब्रेकचं रबर खसाखसा घासायला लागले. चाक पुसलं. वायर एक भोक वर घेऊन आवळली. ब्रेक जागेवर बसवला, वायर अडकवली, वरचं झाकण उघडून मिटून बघितलं, वायर ताठ ओढली जात होती. घाम डोळ्यांत येत होता. मला तिथून उठायचं होतं, बस. “झालं,” मी म्हटलं आणि पाट सोडला.

बाबांनी झाकण उचललं. पत्रा जुना, एका बाजूने वाकलेला, मी आधी कधीतरी एकदा ते लावायचा प्रयत्न केला होता आणि अर्धा तास झटून शेवटी एक कोपरा तसाच उघडा सोडला होता. बाबा गुडघ्यावर बसले, झाकण तिरकं धरलं, वरचा कोपरा आधी आत सरकवला. आणि मग थांबले. थांबून, मान माझ्याकडे न वळवता, बोळाला मोठा वाटेल अशा आवाजात विचारलं, “आत काही राहिलं?”

त्यांचं चुकून गेलं ते तोंडातून. सवयीने. मला त्यांच्या पाठीवरून कळलं की विचारल्यावर तेच दचकले. कारण आयुष्यभर लावली ती झाकणंच, आणि हेच ते झाकण लावताना विचारायचं वाक्य, आणि ते आता माझ्यासमोर, मामासमोर, उघडं पडलं होतं. मला वाटलं जमीन दुभंगावी. त्यांच्यासाठी वाटलं की माझ्यासाठी, सांगता येत नाही. मी घाईघाईने, ते वाक्य लवकर बुजावं म्हणून ओरडले, “नाही! लावा तुम्ही!” त्यांनी दुसरं विचारलंच नाही. बाहेरचं. त्यांनी ओठ मिटले, डावा गुडघा पत्र्याला टेकवला, हाताच्या मुठीने कडेवर एक ठोका दिला आणि तो वाकडा पत्रा असा बसला जसा कधी निघालाच नव्हता. स्क्रू त्यांच्या ओठांत होते, एकेक काढून लावत गेले, न बघता, भोकं बोटांना पाठ असल्यासारखी. मी काय बघत होते हे मला तेव्हा नीट कळलं नाही. एवढंच कळलं की मी आतलं काम करताना कितीदा चाचपडले होते, आणि हा माणूस एकदाही चाचपडला नव्हता.

पिन लावली. आईने बादलीतली झबली आणि एक चादर ड्रायरमध्ये कोंबली, वर जाळीची चकती दाबली, झाकण मिटलं, बटण फिरवलं. ड्रायर एकदा घुमला, थरथरला, आणि फिरायला लागला. आधीपेक्षा हलका, मोकळा, शीळ घातल्यासारखा. पाणी नळीतून भडाभडा बाहेर आलं. “अगंबाई!” आई म्हणाली. मामाने कप खिडकीत ठेवून टाळ्या वाजवल्या. “मानलं! बापलेकीने मिळून चालू केली हिला!” बापलेकीने म्हणाला. बाबांच्या चेहऱ्यावर पण काहीतरी सैल झालं. म्हणाले, “सांगितलं होतं ना, बाहेरचा हात लागणार नाही.” मग माझ्याकडे बघून, “आतलं हिने केलं सगळं. मी आपलं झाकण लावलं.” आणि हसले. स्वतःच. माझं वाक्य त्यांनी माझ्या हातातून काढून घेऊन त्याचा विनोद करून टाकला, मला सोडवायला. आईही हसली, तिला काही माहीत नव्हतं. मला वाटलं, सुटले. मी हात खिशात घातला.

स्प्रिंग होती.

अंगठ्याला तेल लागलं. मी बोटं मिटली. ड्रायर फिरत होता, सगळे त्याच्याकडे बघत होते, एखादं मूल पहिल्यांदा उभं राहिल्यावर बघतात तसे. तो फिरणारच होता. स्प्रिंग नसली तर तो आणखी छान फिरतो, त्याला धरणारं काही नाही. बिघडणार नव्हतं काही, कळणार नव्हतं कुणाला. फक्त झाकण उघडल्यावर तो थांबणार नव्हता. आणि आई कधीही तो थांबायची वाट बघत नाही. झाकण एका हाताने उचलते आणि दुसरा हात त्याच वेळी आत जातो. बाबा कितीदा ओरडलेत, ती म्हणते, “तो थांबेपर्यंत माझा जन्म जाईल.” इतकी वर्षं ब्रेक तिच्या हातापेक्षा एक पाऊल पुढे राहिला म्हणून निभावलं. मला हे सगळं एका क्षणात दिसलं, आणि तरी, हे मला लिहायलाही नको वाटतंय, तरी माझ्या मनात पहिलं आलं ते हे की मामा गेल्यावर सांगावं. मामा गेल्यावर आपण एकटीने मागचं झाकण उघडावं, बसवावं, कुणाला कळू नये. आता बोलले तर हे हसतील. आणि बाबा बघतील माझ्याकडे. ते झाकण मला एकटीला लावता येत नाही, हे त्याच क्षणी आठवलं. ड्रायरच्या घड्याळाचा काटा खटखट करत शून्याकडे चालला होता. पण आई शून्याचीही वाट बघत नाही. तिने वेणी मागे टाकली आणि झाकणाला हात लावला.

मी तिचं मनगट धरलं. धरलं म्हणजे ओढलंच, इतक्या जोरात की ती भिंतीवर आदळली, तिच्या बांगड्या माझ्या हातात रुतल्या. “हात घालू नकोस!” झाकण उघडं पडलं होतं. आत ड्रायर फिरत होता. करंट तुटला होता, आवाज गेला होता, नुसतं ते पांढरं फिरणं, झबली कुठली, चादर कुठली कळत नव्हतं, फिरतंय, फिरतंय, थांबत नाही. आम्ही चौघं त्याच्याकडे बघत उभे. आई मनगट चोळत होती. “अगं, थांबत का नाही हा?” मामा म्हणाला. तो हळूहळू आपल्या आपण दमत गेला आणि शेवटी एका बाजूला झोकांडी खाऊन थांबला.

मी खिशातून मूठ काढली आणि उघडली. “बाहेर राहिलं,” मी म्हटलं.

मामाने वाकून बघितलं. आणि हसला. वाईट नाही हसला, सुटकेचं हसू होतं ते, माणूस घाबरल्यावर हसतो तसं. “वा गं लवंगी! आतलं सगळं येतं म्हणे!” मला त्याचं काही वाटलं नाही. मी बाबांकडे बघत होते. ते हसावेत म्हणून बघत होते. खरंच सांगते, माझी पाठ त्या हसण्यासाठी तयार होती, मार खायला करतात तशी ताठ. हसले असते तर फिटलं असतं. त्यांनी माझ्या तळव्यावरच्या स्प्रिंगकडे बघितलं, मग आईच्या मनगटाकडे, तिथे माझ्या बोटांचे वळ होते. “लागलं का?” त्यांनी आईला विचारलं. ती म्हणाली, “नाही हो.” त्यांनी पिन काढली, स्क्रूड्रायव्हर घेतला, गुडघ्यावर बसले आणि उघडायला लागले. त्यांना ते लावताना मी बघितलं होतं, पण लावलेलं इतक्या लगेच काढताना बघणं वेगळं होतं. एकेक स्क्रू ओठांत. मग झाकण काढून दोन्ही हातांत धरलं, छातीशी, आणि बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली.

मी पाटावर न बसता फरशीवरच बसले, ओल्यात. स्प्रिंगचं एक टोक अडकवलं, दुसरं ओढायला गेले तर तेलकट बोटांतून निसटलं. पुन्हा निसटलं. “टॉर्च धरू का?” मामा म्हणाला, आता त्याचाही आवाज बदलला होता. त्याने धरला. तिसऱ्यांदा बसली, टक् असा आवाज आला. मी आईला वरचं झाकण उघड-मीट करायला सांगितलं. ब्रेक सुटला, धरला, सुटला, धरला. मी मागे झाले.

बाबांनी झाकणाचा वरचा कोपरा आत सरकवला आणि थांबले. या वेळी ते चुकून गेलं नाही. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि विचारलं, डब्याला विचारायचे तसं नाही, कुलपाला विचारायचे तसं नाही, कधी तरी लाइनवरच्या माणसाला विचारत असतील तसं. “आत काही राहिलं?”

मी वाकले आणि आत बघितलं. मोटर, वायर, तो चंदेरी डबा, धूळ, कुणाचंतरी झिजून गेलेलं बटण. पुन्हा बघितलं. ते पत्रा धरून थांबले होते, त्यांचे हात भरून येत असणार, पण घाई करत नव्हते.

“नाही,” मी म्हटलं.

“बाहेर?”

मी उभी राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन्ही हात दोन्ही खिशांत घातले आणि खिसे उलटे बाहेर काढले, टोकांना धरून, त्यांना दिसतील असे. एकात साबणाच्या पावडरचा वाळलेला गोळा होता, तेवढाच. बाबा त्या खिशांकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली आणि पत्र्याला गुडघा लावला.